माइटची ॲलर्जी, टी-पेशी आणि चार औषधं: परवानगीपासून आलेखापर्यंत

घरातल्या धुळीतल्या माइटची ॲलर्जी असलेल्या माणसाच्या टी-पेशींवर, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींवर, सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस, रॅपामायसिन आणि डेक्सामेथासोन या रोगप्रतिकार दाबणाऱ्या औषधांचा काय परिणाम होतो, हे पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत तपासून झालं. जानेवारीत प्रस्ताव लिहायला घेतला आणि पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये शेवटची प्लेट वाचली. अशा कामात उतरणाऱ्यांना प्रोटोकॉल हवे तेवढे मिळतात, पण प्रोटोकॉलच्या दोन ओळींमध्ये काय बिघडतं ते कुणी लिहीत नाही. म्हणून जसं घडत गेलं तसं मांडलं आहे.

जानेवारी: प्रश्न नीट मांडणं

पुण्यात टी-पेशींची ॲलर्जी म्हटलं की आधी गाजरगवत आठवतं. १९५५च्या सुमारास ते इथे पहिल्यांदा नजरेत आलं, आणि त्याचा त्वचारोग हा टी-पेशींचाच उद्योग. त्यावर ॲझाथायोप्रिनही देतात. पण गाजरगवतातलं पार्थेनिन स्वतःच पेशींना विषारी आहे. थोडी मात्रा वाढली की पेशी मरतात आणि औषधाने दबल्या की पार्थेनिनने मेल्या हे सांगता येत नाही. माइटच्या अर्कात ही अडचण बरीच कमी, शिवाय ॲलर्जी असलेले दातेही भरपूर. म्हणून माइट.

चार औषधं निवडण्यामागे कारण होतं. सायक्लोस्पोरिन पेशीत सायक्लोफिलिन या प्रथिनाला चिकटतं, टॅक्रोलिमस एफकेबीपी-१२ या प्रथिनाला. दोघांचाही शेवट एकच: कॅल्सिन्युरिन हे विकर अडतं, जनुकं चालू करणारं एनएफएटी हे प्रथिन केंद्रकात शिरत नाही आणि आयएल-२चं, म्हणजे टी-पेशींना वाढायचा निरोप देणाऱ्या प्रथिनाचं, जनुक चालू होत नाही. रॅपामायसिन चिकटतं त्याच एफकेबीपी-१२ला, पण अडवतं पेशीची वाढ चालवणाऱ्या एमटॉर या विकराला. म्हणजे आयएल-२ तयार होऊ शकतं, पण त्याचा निरोप पेशी ऐकत नाही आणि विभाजनाच्या उंबऱ्यावर थांबते. डेक्सामेथासोनचा मार्ग तिसराच. ते थेट जनुकांच्या वाचनावर हात ठेवतं आणि टी-पेशींना प्रतिजन (इथे माइटचं प्रथिन) दाखवणाऱ्या पेशींनाही थंड करतं. (पहिली तिन्ही मातीतल्या जिवाणू-बुरशांकडून आली: एक नॉर्वेच्या मातीतून, एक जपानमधल्या त्सुकुबाच्या, एक ईस्टर बेटाच्या. रॅपामायसिन हाती आलं ते कॅनडात काम करणाऱ्या सुरेंद्रनाथ सेहगल यांच्या गटाला. व्हायव्हात कधीतरी विचारतातच.)

प्रस्तावात ‘टी-पेशींचा प्रतिसाद’ एवढंच लिहून भागत नाही. विभाजन, सायटोकाइन (पेशींनी सोडलेली, निरोप देणारी प्रथिनं) आणि सक्रियतेच्या खुणा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि औषध तिन्हींना सारखं दाबत नाही. काय मोजणार, कोणत्या तासाला मोजणार आणि औषध कधी घालणार, हे तिन्ही आधी ठरवलं नाही तर शेवटी आकडे हातात असतात आणि अर्थ लागत नाही.

फेब्रुवारी ते जून: नैतिकता समिती

अर्ज फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गेला. फाइलमध्ये प्रोटोकॉल, सहभागींसाठीचं माहितीपत्रक आणि संमतीपत्र मराठी, हिंदी, इंग्रजीत, भाषांतराचं आणि उलट भाषांतराचं प्रमाणपत्र, सगळ्या संशोधकांचे बायोडेटा, जीसीपी (माणसांवरच्या संशोधनाची शिस्त) प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं, अंदाजपत्रक, विभागप्रमुखांचं पत्र आणि हितसंबंधांचं निवेदन. आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं शेजारी उघडी ठेवूनच माहितीपत्रक लिहावं. समितीचे प्रश्न तिथूनच येतात.

निरोगी आणि ॲलर्जीवाल्या दात्यांबरोबर प्रत्यारोपण झालेले, औषध चालू असलेले काही रुग्णही हवे होते. त्यामुळे झटपट छाननी न होता विषय पूर्ण बैठकीत गेला. बैठक एप्रिलमध्ये. प्रश्न आले ते असे: ४० मिली रक्त कशासाठी? रुग्णाचं औषध थांबवणार का? उरलेल्या पेशी किती दिवस ठेवणार? ‘किरकोळ त्रास होऊ शकतो’ म्हणजे नेमकं काय? शेवटचा प्रश्न रास्त होता. ‘सुई टोचलेल्या जागी दुखणं, काळंनिळं पडणं, क्वचित चक्कर’ असं लिहिल्यावर तो मिटला. रुग्णांकडून ४० ऐवजी १० मिली रक्त घ्यायचं ठरलं आणि औषध थांबवणार नाही हे ठळक अक्षरांत टाकलं. मंजुरीचं पत्र जूनमध्ये आलं, एका वर्षासाठी. वाट पाहताना आपण काहीच करत नाही असं वाटून जीव टांगणीला लागतो. तेवढ्यात खरेदीची कागदपत्रं तयार करून ठेवली तर पुढे निदान दोन महिने वाचतात.

एक सूचना: ‘उरलेल्या पेशी पुढच्या संशोधनासाठी वापरता येतील का’ याची वेगळी हो/नाहीची चौकट संमतीपत्रात पहिल्यापासून ठेवा. नंतर घालायची म्हणजे दुरुस्तीचा अर्ज, नवी बैठक आणि जुन्या दात्यांची पुन्हा सही.

जुलै ते सप्टेंबर: खरेदी

सरकारी संस्थेत जेमवर (सरकारी खरेदीचं संकेतस्थळ) वस्तू नसल्याचा अहवाल काढा, मग कोटेशनं, एकाच कंपनीचा माल असेल तर प्रोप्रायटरी प्रमाणपत्र, हे सगळं आलंच. फ्लोच्या (पेशींवरच्या खुणा लेझरने मोजणारं यंत्र) अँटीबॉडीची १०० चाचण्यांची एकेक कुपी साधारण पंचवीस-तीस हजारांच्या घरात जाते आणि तशा सहा-सात लागतात. एलायझाच्या (सायटोकाइन मोजायची चाचणी) अँटीबॉडी-जोड्या वेगळ्या. औषधांची शुद्ध पावडर मात्र त्या मानाने स्वस्त, कारण काही मिलिग्रॅममध्ये सगळा प्रकल्प निघतो.

औषधांच्या बाबतीत एक मोह आवरायचा. रुग्णालयातलं सायक्लोस्पोरिनचं इंजेक्शन सहज मिळतं, पण त्यात एरंडेलापासून केलेला द्रावक असतो आणि तो पेशींवर स्वतःच परिणाम करतो. शुद्ध पावडरच घ्या. शरीरात गेल्यावर रूप बदलणारी औषधंही तशीच वापरू नका: प्रेडनिसोन नको, प्रेडनिसोलोन घ्या, मायकोफेनोलेट मोफेटिल नको, मायकोफेनोलिक आम्ल घ्या.

हाच न्याय माइटच्या अर्काला. त्वचेवर टोचून ॲलर्जी तपासायला जो अर्क वापरतात त्यात ग्लिसरीन आणि फिनॉल असतं. ते प्लेटमध्ये घातलं की दोन दिवसांत पेशी सुकल्यासारख्या दिसतात आणि औषध न घालताच ‘दमन’ झालेलं दिसतं. संरक्षक रसायन नसलेला, गोठवून वाळवलेला अर्क मागवा आणि त्या बॅचचा एंडोटॉक्सिनचा (जिवाणूंच्या कवचातलं विष) आकडा लेखी घ्या. माइटच्या अर्कात एंडोटॉक्सिन हमखास असतं. ते मोनोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशींना चेतवतं आणि मग आपण ॲलर्जी मोजतोय की जिवाणूंचा कचरा, हे कळत नाही. संपूर्ण प्रकल्पाला पुरेल एवढा एकाच बॅचचा अर्क एकदम घ्यावा.

पार्सल शुक्रवारी येणार नाही याची खात्री करा. ड्राय आइस शनिवार-रविवारी आवकविभागात उडून जातो. आमचा एक सीरमचा खोका असाच कोमट होऊन आला. पुरवठादाराने बदलून दिला, पण महिना गेला.

सप्टेंबर-ऑक्टोबर: दाते आणि रक्त

माइटसाठी त्वचाचाचणीत निगेटिव्ह कंट्रोलपेक्षा निदान ३ मिलिमीटर मोठी गांधी, आणि माइटविरुद्धचं आयजीई (ॲलर्जीची अँटीबॉडी) मिलीला ०.३५ युनिटच्या वर, असे दाते घेतले. त्वचाचाचणीआधी अँटीहिस्टामिन आठवडाभर बंद. गेल्या महिन्यात तोंडाने स्टेरॉइड घेतलं असेल किंवा ॲलर्जीची लस चालू असेल तर बाद. पावसाळा सरताना घरांत ओल असते, माइट फोफावलेले असतात आणि शिंकणारे दाते आपणहून येतात. प्रत्येकाला येण्याजाण्याचा खर्च आणि रक्त दिल्यावर चहा-बिस्किटं. ही रक्कमही समितीने मंजूर केलेली असावी लागते.

रक्त सगळ्यांचं सकाळी नऊ ते दहामध्येच घ्या. शरीरातलं कॉर्टिसॉल सकाळी चढतं, दुपारनंतर उतरतं. एका दात्याचं सकाळी आणि दुसऱ्याचं चारला घेतलं तर स्टेरॉइडचा प्रयोग सुरू होण्याआधीच दोघांत फरक पडतो. नळ्या हिरव्या टोपीच्या, हेपॅरिनच्या. ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवतं, आणि कॅल्सिन्युरिनचा सगळा खेळच कॅल्शियमवर चालतो. रक्त फ्रिजमध्ये ठेवू नका. थंड रक्तातून पेशी वेगळ्या करताना पांढऱ्या थरात ग्रॅन्युलोसाइट या नको असलेल्या पांढऱ्या पेशी घुसतात.

पेशी काढणं असं: रक्तात तेवढंच पीबीएस (पेशींना मानवणारं खारट द्रावण) मिसळा. ५० मिलीच्या नळीत १५ मिली फायकॉल (पेशींचे थर वेगळे करणारा जड द्रव), वर ३५ मिली पातळ केलेलं रक्त, नळी तिरकी धरून भिंतीवरून अलगद सोडलेलं. ४०० जीवर (गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट) ३० मिनिटं, खोलीच्या तापमानाला आणि ब्रेक बंद. ब्रेक चालू राहिला तर थर ढवळतो आणि सकाळ वाया जाते; सेंट्रिफ्यूज सामायिक असेल तर बटण प्रत्येक वेळी स्वतः बघा. नळी उचलल्यावर वर पिवळसर प्लाझ्मा, तळाशी लाल गाळ आणि मध्ये धूसर पांढरी कडी दिसते. पिपेटचं टोक त्या कडीला लावून गोल फिरवत ओढायचं. खालचं फायकॉल जास्त आलं तर पेशी पुढच्या फेरीत खाली बसत नाहीत. पहिली धुलाई ३०० जीवर, दुसरी २०० जीवर, म्हणजे प्लेटलेट वर राहतात. रक्ताच्या दर मिलीला साधारण दहा लाख पेशी मिळतात. ट्रिपॅन ब्लू या रंगाने जिवंत पेशी ९५ टक्क्यांच्या खाली दिसल्या तर त्या दिवशी पुढे जाऊ नये.

प्लेट

९६ खळग्यांची, गोल तळाची प्लेट. बाहेरच्या ३६ खळग्यांत नुसतं पीबीएस, कारण आठवडाभराच्या कल्चरमध्ये कडेचं पाणी उडतं आणि औषधाची मात्रा आपोआप वाढते. आतले ६० खळगे कामाचे. चार औषधं, प्रत्येकी चार मात्रा, दोन द्रावक कंट्रोल, कारण सायक्लोस्पोरिन इथेनॉलमध्ये आणि बाकीची डीएमएसओमध्ये, एक औषधाविना. झाले १९, प्रत्येकी तीन खळगे म्हणजे ५७. उरलेले तीन माइटही नाही आणि औषधही नाही. बरोबर ६० बसतात. खळग्यात दोन लाख पेशी, एकूण २०० मायक्रोलिटर, माइटचा अर्क मिलीला १० मायक्रोग्रॅम. दुसऱ्या प्लेटवर माइटऐवजी टिटॅनस टॉक्सॉइड. ती लस बहुतेकांनी घेतलेली असते, त्यामुळे औषध फक्त ॲलर्जीच दाबतं की टी-पेशींची कुठलीही स्मृती, हे समजतं.

मात्रा रुग्णांच्या रक्तात असतात त्यांच्या आसपास: सायक्लोस्पोरिन मिलीला १०, ५०, २०० आणि १००० नॅनोग्रॅम; टॅक्रोलिमस आणि रॅपामायसिन ०.१, १, ५ आणि २०. डेक्सामेथासोन १ ते १००० नॅनोमोलर, दहापटीने. रुग्णाचा टॅक्रोलिमसचा अहवाल मिलीला ८ नॅनोग्रॅम आला म्हणजे पेशींना ८ मिळतात असं नाही. तो आकडा पूर्ण रक्ताचा असतो आणि त्यातलं बहुतेक औषध तांबड्या पेशींत बसलेलं असतं. प्लेटमध्ये तांबड्या पेशी नाहीत, त्यामुळे तीच मात्रा इथे जास्त जोरदार ठरते. द्रावक ०.१ टक्क्याच्या वर नेऊ नका. सायक्लोस्पोरिन प्लास्टिकला चिकटतं, म्हणून पातळ द्रावण त्याच दिवशी करा. रॅपामायसिनचंही तेच, कारण ते पाण्यात टिकत नाही.

पेशींना पोसायला घालायचं सीरम हा सगळ्यात चिवट त्रास. वासराच्या सीरमला काही दात्यांच्या पेशी स्वतःच प्रतिसाद देतात आणि माइट न घातलेले खळगेही वाढतात. ५६ अंशांवर अर्धा तास ठेवलेलं, एबी रक्तगटाच्या माणसांचं सीरम ५ टक्के वापरलं की पार्श्वभूमी खाली येते. पण त्यातही कॉर्टिसॉल असतं. म्हणून डेक्सामेथासोनच्या प्रयोगाला एकाच बॅचचं सीरम शेवटपर्यंत लागतं.

औषध पेशींवर एक तास आधी, मग माइट. ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, सात दिवस. ॲलर्जीच्या टी-पेशी रक्तात हजारो-लाखोंत एखादी असतात. त्या मोजण्याजोग्या वाढायला एवढे दिवस लागतातच. तीन दिवसांत उघडलं तर काही दिसत नाही आणि ‘दाता निगेटिव्ह’ असा चुकीचा शेरा बसतो.

वाचन: इथे बहुतेकांचं गणित चुकतं

विभाजन मोजायला किरणोत्सारी थायमिडिन हा जुना मार्ग, पण त्याला एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळ) परवानगी आणि वेगळी खोली लागते. आम्ही सीएफएसई हा चमकणारा रंग वापरला: पेशी प्रथिनविरहित पीबीएसमध्ये, २ मायक्रोमोलर, पाच मिनिटं, मग पाचपट थंड सीरमयुक्त माध्यम ओतून थांबवणं. पेशी विभागली की चकाकी निम्मी होते. ५ मायक्रोमोलरच्या वर गेलं तर रंगच पेशी मारतो. फ्लोवर प्रत्येक नमुन्यात मेलेल्या पेशींचा रंग घालावा, नाहीतर १००० नॅनोग्रॅम सायक्लोस्पोरिनला पेशी दबल्या की मेल्या, याचं उत्तर नसतं.

सीडी२५चा, म्हणजे चेतलेल्या टी-पेशीवरच्या खुणेचा, भरवसा धरू नका. माइटमधलं डर-पी-१ हे कात्रीसारखं प्रथिन आहे, आणि ते टी-पेशीवरचं सीडी२५ चक्क कापून टाकतं. अर्क जास्त झाला की सीडी२५ घसरतं, आणि ते औषधाचं यश वाटतं. फॉक्सपी३ या नियंत्रक (प्रतिसाद आवरणाऱ्या) टी-पेशींच्या खुणेचंही तसंच: माणसात नुकत्याच चेतलेल्या साध्या टी-पेशीही ते काही काळ दाखवतात, म्हणून एवढ्यावरून त्यांना नियंत्रक म्हणू नका.

सायटोकाइनमध्ये आयएल-४च्या मागे लागू नये. पेशी ते जिथल्या तिथे वापरून टाकतात आणि एलायझात हाती धुपाटणं येतं. आयएल-५ आणि आयएल-१३ सातव्या दिवशी नीट दिसतात.

पण रॅपामायसिनचा घोळ इथेच होतो. सातव्या दिवशी त्याच्या खळग्यांतही आयएल-५ कमी येतं आणि वाटतं, हेही सायक्लोस्पोरिनसारखंच. खरं कारण असं की पेशी वाढल्याच नाहीत, म्हणून बनवणारे हात कमी. हे उलगडायला सीडी३-सीडी२८च्या, म्हणजे टी-पेशींना थेट चेतवणाऱ्या, मण्यांनी पेशी एकदम चेतवून २४ तासांनी वरचं पाणी तपासलं. सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमसमध्ये आयएल-२ आपटलेलं, रॅपामायसिनमध्ये बरंचसं शाबूत. मग औषध घालायची वेळ बदलली: चेतवताना, ६ तासांनी, २४ तासांनी. उशिरा घातलेलं सायक्लोस्पोरिन विभाजन फारसं रोखत नाही, कारण आयएल-२चा निरोप तोवर गेलेला असतो. रॅपामायसिन उशिरा घातलं तरी रोखतं. माइटवर हाच प्रयोग पुसट येतो, कारण सगळ्या पेशी एकाच वेळी जाग्या होत नाहीत. ज्यांना एकच जास्तीचा प्रयोग परवडतो त्यांनी हा करावा.

डेक्सामेथासोनने आयएल-५ आणि आयएल-१३ विभाजनापेक्षा जास्त खाली आणलं, आणि दात्यादात्यांत सगळ्यात जास्त तफावत याच औषधात दिसली. टक्क्यांत दमन काढताना एक पथ्य: माइटने विभाजन निदान दुप्पट झालंच नाही, त्या दात्याचं दमन काढूच नका. दाबायला काही नसताना येणारा टक्का निरर्थक असतो.

डिसेंबर ते मार्च: रुग्णांचं रक्त

टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन चालू असलेल्या रुग्णांच्या पेशी फायकॉलने काढून, धुऊन चेतवल्या तर त्या जवळपास निरोगी दात्यासारख्या वागतात. पहिल्यांदा बघणारा गोंधळतो: औषध चालू असताना हे कसं? धुलाईत औषधही धुऊन जातं आणि परिणाम परततो. म्हणून रुग्णांसाठी पूर्ण रक्ताचीच चाचणी. त्यातही रक्त दहापट पातळ केलं तर औषधही दहापट पातळ होतं. शक्य तेवढं कमी पातळ करा आणि प्रमाण सगळ्यांसाठी एकच ठेवा. रक्त गोळी घेण्याआधी घेतलं की दोन तासांनी, हे फॉर्मवर लिहिलंच पाहिजे. दोन तासांनंतर दमन सर्वाधिक असतं, सकाळच्या गोळीआधी सगळ्यात कमी.

रुग्ण विचारतात, ‘औषध चालू आहे, मग ॲलर्जीची टेस्ट खोटी येईल ना?’ त्वचेवरची टोचणी मास्ट पेशींवरचं आयजीई वाचते, टी-पेशी नव्हे; ही औषधं चालू असतानाही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. तिला खरा अडसर अँटीहिस्टामिनचा. पॅच टेस्ट (त्वचेवर पट्टी चिकटवून करायची) मात्र टी-पेशींची, ती या औषधांनी दबते. कुठल्याही चाचणीसाठी प्रत्यारोपणाचं औषध स्वतःहून थांबवायचं नाही, हे प्रत्येकाला सांगावं लागतं. उलट, यकृत प्रत्यारोपणानंतर टॅक्रोलिमसवर असलेल्या लहान मुलांत दूध, अंडं, शेंगदाणा यांची नवी ॲलर्जी उद्भवल्याच्या नोंदी बऱ्याच आहेत. आयएल-२ आटलं की नियंत्रक टी-पेशीही उपाशी राहतात, हे त्यामागचं एक स्पष्टीकरण. पालकांना पुरळ किंवा ओठ सुजणं दिसलं तर प्रत्यारोपण-तज्ज्ञांना लगेच कळवायला सांगा.

शेवटची प्लेट मार्चच्या पहिल्या आठवड्यात वाचली. रक्त लागलेलं प्लास्टिक आधी ऑटोक्लेव्ह करून लाल पिशवीत, सुया पांढऱ्या डब्यात, फुटकी काच निळ्यात. औषधांची उरलेली द्रावणं वेगळी, सायटोटॉक्सिक लिहिलेल्या पिवळ्या पिशवीत, सिंकमध्ये नाही. समितीला समाप्तीचा अहवाल देताना दात्यांची संख्या, बाद झालेले आणि त्यांची कारणं, चक्कर आलेल्यांची नोंद असं सगळं द्यावं लागतं. ज्यांनी पुढच्या वापराला ‘नाही’वर खूण केली होती त्यांच्या गोठवलेल्या पेशी नष्ट केल्याची तारखेसह नोंद जोडली आणि फाइल बंद झाली.